प्रतिसाद: कोलेस्टेरॉल भरपूर, तरी टेस्टोस्टेरॉन कमी कसं?

तुमच्या काकांचा प्रश्न रास्त आहे: टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कोलेस्टेरॉलपासूनच बनतं, मग कोलेस्टेरॉल वाढलेलं असताना ते कमी का? वर कुणीतरी 'तूप वाढवा' म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. अडचण कच्च्या मालाची नसतेच मुळी.

वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी असतात. त्यांच्यात कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या, दुहेरी पटलाच्या भागाच्या) बाहेरच्या पटलापर्यंत सहज येतं. त्याचं प्रेग्नेनोलोनमध्ये, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यात, रूपांतर करणारं एन्झाइम मात्र आतल्या पटलावर बसलेलं. दोन्हींच्या मधे पाणी, आणि कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. ते आत पोचवण्याचं काम 'स्टार' हे प्रथिन करतं. १९९४ साली ते ओळखलं गेलं. मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडून एलएच हार्मोनचा निरोप आला की पेशी 'स्टार' ताजं तयार करते. ज्या बाळांमध्ये त्याचं जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावरच्या, कोलेस्टेरॉलपासूनच हार्मोन बनवणाऱ्या) कोलेस्टेरॉल नुसतं साचत जातं.

म्हाताऱ्या उंदरांमध्ये लायडिग पेशींची संख्या फारशी घटत नाही, पण एलएचला त्यांचा प्रतिसाद मंदावतो आणि 'स्टार'ही कमी होतं. माणसात याशिवाय वजन, मधुमेह, झोप हेही आलंच.

दादरच्या जिममधल्या ट्रेनरने सुचवलेलं इंजेक्शन काकांनी कृपा करून घेऊ नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की एलएच दबतं, शरीराची स्वतःची निर्मिती आणखी मंदावते. आधी सकाळच्या वेळी रक्त तपासा, तेही दोनदा. परळला केईएम रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोनच्या विकारांचा) विभाग आहे, तिथे रिपोर्ट दाखवा.