फेडरल कोर्टात कोर्ट रिपोर्टरच्या जागी नुसतं रेकॉर्डिंग? माझा विरोध आहे

वृंदा
आमच्या कोर्टातल्या एक ज्येष्ठ रिपोर्टर गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. त्यांची जागा भरायची नाही, कोर्टरूममध्ये माइक आणि रेकॉर्डर बसवून भागवायचं, असा विचार चालू आहे. मला हे पटत नाही. इथे वकील आणि दुभाषी दोन्ही आहेत, म्हणून धागा काढते.

आधी काम सांगते, कारण नावावरून बातमीदार वाटतं. अमेरिकेतल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात, म्हणजे केंद्राच्या, खटले चालवणाऱ्या कोर्टात, साक्षीदार, वकील, न्यायाधीश जे बोलतात ते शब्दन् शब्द उतरवून घेणं हे माझं काम. स्टेनो मशीनला २२ कीज असतात. पेटीवर दोन-तीन सूर एकदम धरावेत तशा त्या दाबायच्या. डाव्या हाताला शब्दाची सुरुवात, अंगठ्यांना स्वर, उजव्या हाताला शेवट. आरपीआर या रिपोर्टरांच्या व्यावसायिक परीक्षेत साक्षीचा वेग मिनिटाला २२५ शब्द, अचूकता किमान ९५ टक्के. फेडरल कोर्टात यायचं तर वर चार वर्षांचा अनुभव. हे पद १९४४ च्या कायद्याने आलं. १९८२ च्या दुरुस्तीने रेकॉर्डिंगलाही वाट मिळाली आणि पद्धत कोणती हे न्यायाधीशांच्या मर्जीवर आलं. दिवाळखोरी न्यायालयांत आज बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंगच चालतं.

आता माझं म्हणणं. मागे एका दिवाणी दाव्यात आपल्याकडचे एक इंजिनिअर साक्षीला होते. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, "तो ई-मेल तुम्ही वाचला होता ना?" त्यांनी मान हलवली. आपण 'हो' म्हणताना हलवतो तशी, डावी-उजवीकडे. ज्यूरीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वकील पुढच्या प्रश्नावर निघालासुद्धा. माझी बोटं कीजवर तशीच थांबलेली, कारण लिहायला काही नव्हतं. मी हात वर केला आणि म्हटलं, "उत्तर बोलून द्या." ते म्हणाले, "हो, वाचला होता." रेकॉर्डिंगमध्ये तिथे दोन सेकंदांची शांतता राहिली असती, आणि त्या शांततेचा अर्थ अपिलात ज्याने त्याने आपल्याला हवा तसा लावला असता.

अपीलवाला
वृंदाताई, मी न्यू जर्सीत वकिली करतो, अपिलं जास्त. किस्सा खरा असेल, पण त्यातून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही. रेकॉर्डिंग असतं तिथेही ऑपरेटर बसलेला असतो. "बोलून उत्तर द्या" हे तोही सांगू शकतो. माणूस हवा हे मान्य, पण तो स्टेनोवालाच हवा हे कशावरून? १९८३ मध्ये फेडरल ज्युडिशियल सेंटरने, म्हणजे फेडरल कोर्टांच्या संशोधन संस्थेने, डिस्ट्रिक्ट कोर्टांत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवून पाहिल्या. टेप अचूकतेत कमी पडत नाही आणि स्वस्त पडते, हाच निष्कर्ष निघाला.

पैशांचं बोला. ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे रिपोर्टरने उतरवलेल्या कामकाजाची, ३० दिवसांत मिळणारी साधी प्रत रिपोर्टरकडून पानाला ४.४० डॉलर, पानावर २५ ओळी. पाच दिवसांच्या खटल्याची हजार पानं सहज होतात, म्हणजे ४,४०० डॉलर. फौजदारीत गरीब आरोपीचा खर्च सरकार देतं. दिवाणीत मात्र अपिलात दम आहे असं न्यायाधीशाने लिहून द्यावं लागतं, तेव्हा कुठे सरकार पैसे भरतं. नोकरीवरून काढलेली बाई स्वतःच अपील करत असते, तिने एवढे पैसे कुठून आणायचे? कोर्टाचं अधिकृत रेकॉर्डिंग असेल तर तीस-पस्तीस डॉलरमध्ये फाइल मिळते.

आणि एक दुखणं सांगतो. माझा अशील शपथेवर सांगतो की मी 'नाही' म्हणालो होतो. ट्रान्सक्रिप्टमध्ये तो 'नाही' नव्हता. रिपोर्टरच्या मशीनमध्ये बॅकअप ऑडिओ होता, पण तो तिची खाजगी मालमत्ता. तिने स्वतः ऐकलं, "बरोबर आहे" म्हणून कळवलं, विषय संपला. प्रमाणित प्रत कायद्याने प्रथमदर्शनी अचूक मानली जाते. म्हणजे चूक कुणी केली असेल तर तपासणारीही तीच.

वृंदा
@अपीलवाला, शेवटच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. असा वाद निघाला की माझा ऑडिओ मी न्यायाधीशांपुढे ठेवते. पण ते माझ्या इच्छेवर आहे, आणि तसं असू नये.

ऑपरेटरचं मात्र पटत नाही. पुष्कळ ठिकाणी ते काम करणारी व्यक्ती कोर्टरूम डेप्युटी, म्हणजे कोर्टरूममधली कारकून, असते. तीच साक्षीदाराला शपथ देते, तीच पुराव्याचे कागद सांभाळते आणि तीच रेकॉर्डिंगकडे बघते. आवाज येतोय एवढं तिला कळतं. पण प्रत्येक शब्द समजल्याशिवाय तिचं काही अडत नाही. माझं अडतं. शब्द कळला नाही की बोटं थांबतात, आणि त्याच क्षणी मला कोर्ट थांबवावं लागतं. सहा महिन्यांनी टायपिस्ट हेडफोन लावून बसते आणि कंसात 'ऐकू येत नाही' लिहिते, तेव्हा विचारायला साक्षीदार समोर नसतो.

दराचं म्हणाल तर तो पंधराहून अधिक वर्षं ३.६५ वरच होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये ४.४० झाला. पगार सरकार देतं. मशीन, सॉफ्टवेअर, बाकी सगळं सामान आमच्या खिशातून, तसं कायद्यातच आहे.

मुक्ता
"शब्द कळला नाही की बोटं थांबतात", या वाक्यावरच माझी हरकत आहे. मी भाषाविज्ञानातली. कळलं *असं वाटलं* तर बोटं थांबत नाहीत, चुकीचं लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये फिलाडेल्फियातल्या २७ कोर्ट रिपोर्टरांची चाचणी प्रसिद्ध झाली. कृष्णवर्णीयांच्या बोलीतली वाक्यं ऐकवून लिहायला सांगितली. पूर्ण बरोबर उतरलेली वाक्यं निघाली ५९.५ टक्के. ही स्थानिक कोर्टातली माणसं होती, फेडरल नव्हे, पण ९५ टक्क्यांची परीक्षा पास झालेलीच. चुकलेल्या वाक्यांत काही ठिकाणी अर्थ चक्क उलटा झाला होता.

मशीनलाही क्लीन चिट नाही. २०२० मध्ये पाच मोठ्या कंपन्यांची उच्चार ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्यांच्या बोलण्यात शंभरातले १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. म्हणून मूळ आवाज जपलाच पाहिजे. तो नसेल तर दोघांची चूक कायमची.

लघुलेखक_सातारा
मी जिल्हा न्यायालयात २६ वर्षं लघुलेखक होतो. तुमचं भांडण वाचून वाटलं, तुम्ही फार पुढच्या पायरीवर भांडताय. आमच्याकडे साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ऐकतात, मग ते सांगतात आणि आम्ही लिहितो. प्रश्न-उत्तर जसंच्या तसं क्वचितच. साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात घ्यायची, हे फौजदारी प्रक्रिया संहितेतच होतं. बाई रडत रडत सांगायची, "साहेब, त्यानं मला दारातूनच ढकललं हो, पोर कडेवर होतं." कागदावर यायचं, "आरोपीने मला ढकलले. त्यावेळी माझे मूल माझ्याजवळ होते." कडेवरचं पोर गेलं की हो!

२१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठापुढे संगणकाकडून थेट लेखन सुरू केलं, तेही आपल्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. दिल्लीत बड्या वकिलांच्या युक्तिवादाला हे मिळतं, तर तालुक्याच्या कोर्टातल्या बाईला नुसतं रेकॉर्डिंग तरी मिळावं. माझी जागा गेली असती तरी चाललं असतं.

वृंदा
काका, कडेवरच्या पोराचं वाचून थांबले. मी लिहिते ते कुणीतरी सारांश करू नये म्हणूनच. तुमच्याकडे रेकॉर्डिंग आलंच पाहिजे, त्यात दुमत नाही.

दुभाषी_माधवी
आता माझी बाजू. मी अमेरिकेतल्या कोर्टांत मराठी-इंग्रजी दुभाषा म्हणून जाते. वृंदा, माझ्या साक्षीदाराचा एकही शब्द तुझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये येत नाही. येतं ते माझं इंग्रजी. मराठी हवेत विरून जातं.

एका सुनावणीत आरोपीचा शेजारी सांगत होता, "तो म्हणाला, मी तुला बघून घेईन." यात धमकी आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण आधीच्या तारखेला दुसरा दुभाषा होता, आणि त्याने 'मी तुला भेटेन' अशा अर्थाचं काहीतरी सांगितलेलं. रिपोर्टरने ते अगदी अचूक उतरवलं होतं. स्वल्पविरामासकट! मूळ वाक्य काय होतं हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. वकील मला म्हणाला, "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, पण पुरावा?" दुभाष्यांचा कायदा १९७८ चा आहे. पक्षकाराने अर्ज केला तर अशा सुनावणीचं रेकॉर्डिंग करायचं का हे न्यायाधीश ठरवू शकतात. पण मराठी न येणारा वकील असा अर्ज कशाला करेल? चूक झाली हेच त्याला कळत नाही.

इथे तुझी बोटं कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

वृंदा
नाही उपयोग. 'बघून घेईन' दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. मराठी साक्ष चालू असताना मला दोन्ही भाषा ऐकू येतात, दुभाषा चुकला तरी कळतं, पण माझ्या शपथेप्रमाणे मी इंग्रजीच लिहायचं. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिला ते कळलंही नसतं.

म्हणून धाग्याचं शीर्षक तसंच ठेवून मागणी बदलते. रिकामी जागा भरा, माणूस बसवा. आणि शेजारी कोर्टाचं अधिकृत रेकॉर्डिंगही चालू ठेवा, सगळ्या सुनावण्यांना, अर्ज न करता.

अपीलवाला
दोन्ही ठेवायचं तर खर्च वाढणार, आणि काटकसर म्हणूनच तर हा विषय निघाला. तरी एक सरळ विचारतो. ते रेकॉर्डिंग माझ्या अशिलाला तीस-पस्तीस डॉलरमध्ये मिळणार का? की पुन्हा "पानं विकत घ्या"? ऑडिओ हातात आला की निम्मे लोक पानं मागवणार नाहीत. तुमच्या उत्पन्नाचा मोठा भाग पानांचा असतो, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

वृंदा
मिळायला हवं. गेल्या वर्षी माझ्या मिळकतीतला जवळजवळ एक तृतीयांश भाग पानांचा होता. तो घटेल हे धरूनच लिहिते आहे. सोमवारी आमच्या मुख्य न्यायाधीशांकडे रिपोर्टरांची बैठक आहे. 'बघून घेईन'चं उदाहरण तिथे सांगू का? माधवी, नाव-गाव येणार नाही.

दुभाषी_माधवी
सांग. आणि मराठीतच म्हणून दाखव, मग इंग्रजी दोन्ही अर्थ.