अमेरिकी नागरिकत्व सोडलं की कर सुटतो का?

प्रश्न: २० लाख डॉलरहून जास्त मालमत्ता आहे. नागरिकत्व सोडल्यावर आयआरएसचं (अमेरिकेच्या कर खात्याचं) देणं संपतं?

उत्तर १: नाही. आदल्या दिवशी सगळं बाजारभावाने विकलं असं धरतात. १ लाख डॉलरचे शेअर आज ३० लाख डॉलरचे असतील तर नफा २९ लाख. २०२५ साली त्यातले ८,९०,००० माफ, उरलेल्या २०,१०,००० वर कर. एकही शेअर न विकता! रोख आधीच बाजूला काढा.

उत्तर २: लोक फसतात ते फॉर्म ८८५४ मध्ये, म्हणजे नागरिकत्व सोडताना आयआरएसला द्यायच्या फॉर्ममध्ये. मागच्या ५ वर्षांची करपूर्तता शपथेवर सांगता आली नाही, तर मालमत्ता २० लाख डॉलरहून कमी असूनही हाच नियम लागतो. १५ पैकी ८ वर्षं ग्रीनकार्ड (कायम राहण्याचा परवाना) असलेल्यांनी ते सोडलं, तर त्यांनाही हेच निकष.

उत्तर ३: अमेरिकेतल्या घराचं भाडं नंतरही करपात्रच. शिवाय तिथल्या मुलांना मोठी रक्कम दिलीत, तर ४०% कर मुलांच्या माथी. हे फार जण विसरतात.