शिकवायचं ते कशासाठी? बडोद्यातल्या घरांमधले अनुभव

भाचीचा बारावीचा निकाल लागला आणि ताईच्या घरी भांडण झालं. मार्क चांगले होते, तरीही. ती ब ग्रुपची, म्हणजे सायन्सला जीवशास्त्र घेतलेली. आता म्हणते, संस्कृत घेऊन बी.ए. करायचंय. भाऊजी म्हणाले, "मग दोन वर्षं ट्युशनची फी कशाला भरली?" यावर कुणालाच काही बोलता येईना. मुलांना आपण कशासाठी शिकवतो, हे आमच्या घरात कधी उघडपणे बोललंच गेलेलं नाही. तुमच्याकडे काय होतं? मोकळेपणानं लिहा. हुशार मुलांचेच अनुभव हवेत असं नाही.

सुरुवात मी करते. माझी पणजी शाळेत गेली ती दंडाच्या धाकानं. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड व्हायचा. पणजीच्या वडिलांना मुलीला शिकवायचं वगैरे काही नव्हतं, दंड चुकवायचा होता. पण ती लिहा-वाचायला शिकली. तिची एक वही आमच्याकडे आहे. दुधाचे खाडे, कुणाला किती शेर तांदूळ उसने दिले त्याची नोंद, आणि मधेच एका पानावर फक्त स्वतःचं नाव, सात वेळा. माहेरचं. लग्नात बदललेलं नाही. ते पान मी पुन्हा पुन्हा काढून बघते.

वाडी भागातून, दस्तलेखनाचं काम करणारी

माझे बाबा रिक्षा चालवायचे. शिक्षण मराठी चौथी. गुजराती फाडफाड बोलायचे, पण वाचता यायचं नाही. डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं त्यांना लागायचीच नाहीत. आमचं घर भाड्याचं आणि कागद गुजरातीत. मालकानं तोंडी सांगितलं एक, लिहिलं होतं भलतंच. बाबांनी सही ठोकली, ठसठशीत मराठीत. अकरा महिन्यांनी सामान रिक्षात घालून निघावं लागलं.

मी तेव्हा दुसरीत होते. बाबांनी माझं नाव मराठी शाळेतून काढून गुजराती शाळेत घातलं. आजीला फार लागलं. "पोरगी रामरक्षा कशी वाचणार?" बाबा म्हणाले, "आधी भाडेचिठ्ठी वाचू दे." टक्के त्यांनी कधीच विचारले नाहीत. लाइट बिल, बँकेचा फॉर्म, जे येईल ते पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, मोठ्यानं वाच. मी ओळीखाली बोट धरून वाचायची. संपलं की, आता परत. रामरक्षा आजीनं मला तोंडीच शिकवली.

आज लोक माझ्याकडे दस्त घेऊन येतात. मी प्रत्येकाला तो दोनदा वाचून दाखवते, घाईत असले तरी.

सुभानपुऱ्यातून, निवृत्त अभियंता

नोकरीसाठी शिकवणं म्हणजे काहीतरी हलकं, असा सूर लागायच्या आत लिहितो. वडील गिरणीत होते. मी नववीत असताना ती बंद पडली आणि आठ महिने घरात पगार आला नाही. आई पीठ मुठीनं मोजून काढायची, हे मी पाहिलंय. १९६५मध्ये बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरी सुरू झाली होती, भोवती खतांचे, रसायनांचे कारखाने उभे राहत होते. वडिलांचं म्हणणं एकच, एक तारखेला पगार झाला पाहिजे. मला इतिहासाची ओढ होती, त्यांना ते ठाऊक होतं. "पगार झाला की पुस्तकं घे," म्हणाले. मी कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, इंजिनिअरिंग केलं, पुढे पुस्तकंही घेतली. मला त्यांचा राग नाही.

मुलीला मात्र मी हेच ऐकवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझ्या जन्मात आपल्या घरी पगार कधी थांबलाच नाही." रात्रभर झोप लागली नाही. माझी भीती मी तिच्या माथी मारत होतो. ती फाइन आर्ट्सला गेली. तिचं कसं होईल ही काळजी अजून आहे, आणि ती मी तिच्यापासून लपवतही नाही.

रावपुऱ्यातून

आमचे दादा कारकून. प्रगतिपुस्तकावर न बघता सही करायचे. संध्याकाळी हाताला धरून मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात न्यायचे. तिथे पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, मला चालायची भीती वाटायची. कशासाठी नेतात हे ते कधी बोलले नाहीत, मलाही विचारावंसं वाटलं नाही. धाकट्या भावाला मात्र गणिताची शिकवणी हवी होती. दादांनी ती लावली नाही, हा राग त्याच्या मनात आजही आहे. दोन्ही लिहिणं भाग आहे.

पुन्हा मी

हे सगळं भाऊजींना वाचून दाखवलं. मग भाचीनं त्यांना इथल्या प्राच्यविद्या मंदिराबद्दल, म्हणजे जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्या संस्थेबद्दल, सांगितलं. वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, तिथेच तयार झाली, हेही. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे पगार किती असतो?" भाची चिडून उठून गेली. निवृत्त काकांचं वाचलेलं नसतं तर मीही चिडले असते. मी भाऊजींना म्हटलं, तुमच्या लहानपणी काय झालं होतं ते तिला एकदा सांगा. ते काही बोलले नाहीत. फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत.