खर्ऱ्याने तोंड उघडत नाही. बायोप्सी न करता लेझर मायक्रोस्कोपने निदान होईल का?

महालवाला
लहान भाऊ, वय 31, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सुटत नाही. तोंडात दोन बोटंही धड जात नाहीत, साधं वरणही झोंबतं. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. डॉक्टर तुकडा काढायचं म्हणतात, घरचे म्हणतात तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. न कापता पेशी दाखवणारा लेझर मायक्रोस्कोप व्हिडिओत पाहिला. तसं होतं का?

स्लाइडवाली
भाऊ, मी हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, टेक्निशियन आहे. व्हिडिओ खोटा नाही. 800 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर कोलॅजनवर (शरीरातल्या चिवट प्रथिनाच्या धाग्यांवर) पडला की 400 चा जांभळट प्रकाश परत येतो, रंग लावावा लागत नाही. खर्ऱ्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजनच साचतं, त्यानेच तोंड आखडतं. म्हणजे चित्र झकास येईल.

अडचण खोलीची आहे. हा प्रकाश अर्धा मिलिमीटरही नीट आत जात नाही, जाड चट्ट्यात तर त्याहून कमी. आणि कॅन्सर ठरतो तो पेशी बेसमेंट मेम्ब्रेन (वरच्या थराच्या तळाचा पातळ पडदा) फोडून खाली उतरल्या का यावर. म्हणून तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये उभाच बसवावा लागतो. आडवा बसला तर 4 मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये (पातळ कापात) वरपासून तळापर्यंतचे थर सलग दिसत नाहीत, मग आमचे पॅथॉलॉजिस्ट सर ब्लॉक परत पाठवतात. पसरण्याचं म्हणाल तर त्या भीतीने महिनोन्‌महिने थांबलेल्यांचेच मोठे तुकडे आमच्याकडे येतात.

फिजिक्स_धरमपेठ
मेंदूच्या ऑपरेशनमध्ये रामन इफेक्टवर (रेणूंवरून विखुरताना प्रकाशाचा रंग बदलतो, त्यावर) चालणारा मायक्रोस्कोप दोन-तीन मिनिटांत चित्र देतो की! (रामन साहेब कोलकात्याला परतण्याआधी काही महिने आपल्या नागपुरात सरकारी नोकरीत होते बरं.)

स्लाइडवाली
देतो ना, पण काढलेल्या तुकड्याचं! मेण आणि रंग वाचतात, कापणं वाचत नाही.

महालवाला
पटलं ताई. सोमवारची वेळ घेतो. आधी काय पाहायचं?

स्लाइडवाली
रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. बाटली तुमच्याच हाती लॅबला पाठवली तर तुकडा फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) पूर्ण बुडालाय ना ते बघा, सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) नको. लेबलवर भावाचं नाव आणि डावा गाल लिहिलेलं हवं. आणि फ्रीजमध्ये ठेवू नका बाप्पा, थेट घेऊन या.