'प्रार्थनेत आठवण ठेवा' म्हणून सांगितलेली बातमी: पाप की नुसती सवय?

मोगरा_नगर: सर्वांना सलाम. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आपण मटण सोडतो, कोणी चहा सोडतं. जीभ मात्र कोणी आवरत नाही. घरगुती प्रार्थनासभेत विनंत्या सुरू झाल्या की ऐका: "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, माहेरी परत आलीय, कारण विचारू नका." न विचारताही कारण सांगितलं जातंच! चोरी, व्यभिचार आला तर आपण दार लावून घेतो. चहाडी प्रार्थनेचा सदरा घालून येते, म्हणून तिला बसायला खुर्ची मिळते. बायबलातल्या गीतरत्नात द्राक्षमळे नासणारे कोल्हे 'लहान' म्हटलेत, आपली ही पापंही तशीच. विनंतीत नाव आणि गरज एवढंच सांगावं, तेही त्या माणसाला विचारून.

जुना_डिकन: ताई, मुरकूट (चिलट) गाळून उंट गिळणाऱ्यांना, म्हणजे बारीकसारीक जपून मोठं सोडणाऱ्यांना, प्रभूने काय म्हटलं ते बायबलात मत्तय 23 मध्ये आहे. चर्चच्या जमिनींचे व्यवहार, कमिटीच्या निवडणुकीत चालणारी जात, यावर सगळे गप्प. आणि पहारा कशावर, तर बायकांच्या गप्पांवर!

मोगरा_नगर: बायका कुठून आल्या मध्येच? कमिटीतले पुरुष चर्चच्या फाटकापाशी उभे राहून काय बोलतात, तेही ऐकलंय. आणि दादा, त्याच्या आधीचंच वचन बघा. पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश (देवाला दहावा भाग) देता पण न्याय, दया, विश्वास सोडता, असं म्हटल्यावर प्रभू म्हणतो की हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. दोन्ही.

वसईवाला: आम्हा कॅथलिकांकडे लहान पाप आणि मरणप्राय (गंभीर) पाप असा भेद आहे. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही म्हटलंय की जाणूनबुजून केलेलं आणि पश्चात्ताप न केलेलं लहान पाप माणसाला हळूहळू मोठ्याकडे नेतं. पण दुसरी बाजूही आहे. 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे येशूसंघाचे (जेज्विटांचे) संस्थापक संत इग्नाती लोयोला जुनी पापं उकरून पुन्हापुन्हा कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) करत राहिले, इतके की जीव देण्याचा विचार मनात आला. शेवटी जुनं उगाळायचं नाही असं ठरवलं, तेव्हा सुटले. सावधपणाचंही व्यसन लागतं. माझी आजी हे कोणताही ग्रंथ न वाचता सांगायची, ते असो.

कागदावरचा: 'लहान' कोण ठरवणार? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. धर्म बदलला तरी गावाने जात विसरली नाही. मग जातीच्या दाखल्यावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये ख्रिस्ती, असं जगणाऱ्यांना सभेत 'लहान खोटं' म्हणून डिवचलं जातं. डिवचणाऱ्याच्या घरात बहुधा दोन पिढ्यांपासून मिशनची नोकरी असते. पोटाला चिमटा बसलेल्याचं खोटं आणि पोट भरलेल्याची चहाडी एका तागडीत घालू नका.

मोगरा_नगर: दाखल्याबद्दल मी काही बोललेच नाही, बोलणारही नाही. तिथे कायद्याने कोंडी केलीय. चहाडी करायला कोण भाग पाडतं?

जुना_डिकन: कागदावरचा यांच्याशी सहमत. ताई, तुमचा नियम अजूनही पटत नाही. संकटात माणूस स्वतःहून तोंड उघडत नाही. अशाच एका 'बातमी'मुळे आमच्या गल्लीतल्या विधवेकडे रेशन गेलं. तिला आधी विचारलं असतं तर तिने नकोच म्हटलं असतं.