रग्बीच्या स्क्रममंधी पहिल्या फळीत कोणताही दांडगा गडी काऊन चालत नाही?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

रामराम मंडळी. गावात आमचं कबड्डीचं मंडळ हाय. दोन वर्सांपासून शाळेतले सर पोट्ट्यायले रग्बी शिकवून रायले, म्हणून मले बी नाद लागला. परवा पाऊस लागून होता, डवरणी बंद. बसल्या बसल्या २०२३ ची वर्ल्ड कप फायनल मोबाइलवर पुन्हा पाह्यली. दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. सुरुवातीलेच आफ्रिकेचा हूकर (पहिल्या फळीतला मधला गडी) एम्बोनाम्बी गुडघा धरून बाहेर गेला. त्याच्या जागी ३७ वर्सांचा डिऑन फुरी आला, जो जास्त करून फ्लँकर, म्हंजे मागच्या बाजूले कडेचा गडी, खेळते, अन् शेवटपर्यंत तोच! बाकावर आठातले सात फॉरवर्ड (ढकलणारे गडी), तरी दुसरा पक्का हूकर नाही?

दुसरं म्हणजे, स्क्रममंधी (दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकायले धरून रेटतात तिथं) सारे ढकलतातच ना? आमच्या गावात शंभर-शंभर किलोचे दोन पोट्टे हायेत, एक तं कुस्ती खेळते. इकडून उभा केला काय अन् तिकडून काय, काय बिघडते?

फौजी_तीन_नंबर (अचलपूर)

भाऊ, आधी हूकरचं. आफ्रिकेचा दुसरा पक्का हूकर माल्कम मार्क्स स्पर्धा चालू असतानाच गुडघ्यामुळं बाद झाला. त्याच्या जागी त्यांनी हूकर न बोलावता किक मारणारा पोलार्ड बोलावला. जुगारच होता, पण लागला. सेमीफायनलला इंग्लंड १६-१५ नं हरलं ते त्याच्या जवळपास ५० मीटरवरच्या किकनं. आणि ती पेनल्टी मिळाली कुठं? स्क्रममध्ये. इंग्लंडचे सुरुवातीचे दोन्ही प्रॉप (हूकरच्या दोन बाजूंचे गडी, एक आणि तीन नंबर) टिकून होते. ते बाहेर गेले, आफ्रिकेकडून बाकावरचा प्रॉप ऑक्स एनचे आला आणि इंग्लंडचा स्क्रम मोडला.

आता तुमचं "सारे ढकलतातच". फौजेत मीही हेच म्हणत स्क्रममध्ये शिरलो होतो. एक नंबरच्या, म्हणजे लूजहेडच्या, डोक्याची डावी बाजू मोकळी असते. तीन नंबरचं, टाइटहेडचं, डोकं समोरच्या प्रॉप आणि हूकरच्या मधात अडकते, दोन्ही खांद्यांवर माणूस. हातही उलटे. एक नंबरचा डावा हात समोरच्याच्या हाताच्या आतून जातो, तीन नंबरचा उजवा हात बाहेरून. मी कायम तीन नंबर. एकदा माणूस कमी पडला म्हणून मला एक नंबरला उभं केलं. दुसऱ्याच स्क्रमला तोंडावर आपटलो. तीन आठवडे बाजूला पाहायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. बायको म्हणे, घुबडालाही तुमच्यापेक्षा बरं जमते.

जोर नंतर, आधी ठेवण. पाठ सरळ, नजर वर, खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत. गेले की फळी कोसळते आणि वजन मानेवर येते. २०१३ पासून रेफरी 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो, म्हणजे पकड आधी, धक्का मग. पूर्वी लांबून धाडकन आदळायचे.

म्हणून देशाच्या २३ जणांत पहिल्या फळीचे सहा लागतात, तीन मैदानात, तीन बाकावर. २०१९ च्या फायनलला इंग्लंडचा तीन नंबर सिंक्लर तिसऱ्या मिनिटाला गेला. बाकावरच्या डॅन कोलला उरलेली सगळी मॅच एकट्यानं ओढावी लागली, आफ्रिकेनं दुसऱ्या हाफात ताजे प्रॉप आणले. ३२-१२. इटलीचं तर २०२२ मध्ये आयर्लंडसमोर हसंच झालं. एक हूकर जखमी, दुसऱ्याला लाल कार्ड, तिसरा नाही. स्क्रम बिनढकलीचे झाले आणि नियमानं इटलीला १३ जणांवर खेळावं लागलं. ५७-६ नं हरले.

वर्धेची_कोच

काका बरोबर सांगतात, पण आपल्या देशाचं दुखणं त्याच्या आधीचं आहे. आपल्याकडे शाळेपासून बहुतेक सेव्हन्सच, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळतात. त्यात स्क्रम तिघा-तिघांचा, मागून रेटणारे पाच जण नाहीतच. तिथं पळणारी मुलं निवडली जातात, दांडगी मुलं घरी जातात. मग पंधराच्या संघाला तीन नंबर कुठून आणायचा? आणि दादा, तुमची मुलं १९ च्या आतली असतील तर दीड मीटरच्या पुढं रेटायची परवानगीच नाही. सरांना आठवण करून द्या.

बोरीअरबकर

पोट्टे राहू द्या, शंकरपटातली जोडीच उतरवा.

पऱ्हाटीवाला

हासा तुमी, पण मले त्याच्यातच समजलं! आमचा लाल्या बैल उजवीकडंच चालते. डावीकडं जुंपला तं जू खाली टाकते, अन् तासात सरळ चालत नाही. दोन साल त्याच्यावर रागावलो, मंग सोडून देलं.

कुस्तीवाल्याले काल इचारलं, तो म्हणे मी तीन नंबर बनतो. मान त्याची खांबासारखी हाय. दुसरा एक नंबर. ढकलाढकली सध्या बंद. मागच्या सालचा कापूस भाव नाही म्हणून घरात पडून हाय, त्याचे दोन बोरे भिंतीले टेकवून देले, त्यावर पाठ सरळ ठेवाची प्रॅक्टिस. फौजीभाऊ, हे चालते का?

फौजी_तीन_नंबर

चालते. बोरे छातीच्या उंचीवर नको, त्याहून खाली बांधा. आणि आधी महिनाभर मानेचा व्यायाम, मग बोरे. पाठीचा फोटो बाजूनं काढून टाका, पाहून सांगतो.