मदत हवी आहे: मोबाईलवर जुने गेम, महिन्याचे पैसे भरावेत का?

भावांनो, कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॅसेट फुंकून 'कॉन्ट्रा' खेळलेली पिढी आमची. आता पोरगं म्हणतंय, "बाबा, ते दाखवा की!"

महिन्याला पैसे भरून बरेच गेम खेळायच्या दोन सेवा बघितल्या: ॲपल आर्केड २०१९ चं, गुगल प्ले पास आपल्याकडं २०२२ ला आला. जाहिराती नाहीत, हे पटलं. पण त्यात जुने गेम खेळण्यासारखे आहेत काय? २०१७ ला आयफोनवर आयओएस ११ ही नवी सिस्टीम टाकली आणि माझे विकत घेतलेले ३२-बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीनं बनवलेले गेम उघडायचेच बंद झाले, म्हणून धास्ती. परवा एका ॲपनं ट्रायल म्हणून २९९ कापले; घरात अजून ऐकून घेतोय.

कुणी वर्षभर वापरलंय का? गगनबावडा घाटात नेट नसताना चालतात? आणि बोटानं उडी नीट बसते, की ब्लूटूथ कंट्रोलर घ्यावाच लागतोय?